खिडकी बंद केलीत, आता विचारायचं कुणाला?

प्रति,
व्हिसा लागत नाही अशा पाहुण्यांकडून प्रवासाआधी ऑनलाइन परवानगी मागणाऱ्या सर्व देशांची गृह आणि इमिग्रेशन खाती यांस,

स. न. वि. वि.

आमच्या घरात फॉर्म भरायचं खातं माझ्याकडे आहे. बहुतेक घरांत असं एक माणूस असतं. कुणाचा पासपोर्ट कधी संपतो, कुणाच्या नावात एक जादा अक्षर पडलंय, कुणाचा फोटो चष्म्यामुळे परत आला होता, हे सगळं त्याच्या डोक्यात असतं. आमची भावंडं आणि मावसभावंडं तीन देशांत पांगलेली, पासपोर्टही तीन देशांचे. त्यामुळे अमेरिकेचा एस्टा, कॅनडाचं आणि ब्रिटनचं ईटीए, न्यूझीलंडचं, कोरियाचं, असे तुमच्या या परवानगीचे बहुतेक अर्ज माझ्या हाताखालून गेले आहेत. काही प्रश्न तर आता पाठ झालेत. भाचीच्या तान्ह्या मुलाचा एस्टा भरताना 'दहशतवाद, हेरगिरी, घातपात किंवा वंशसंहार यांत तुमचा कधी सहभाग होता का' या प्रश्नापुढे मी गंभीर चेहऱ्याने 'नाही' असं नोंदवलं आहे. बाळ तेव्हा माझ्या मांडीवर झोपलं होतं.

तेव्हा हे पत्र कॉम्प्युटरला घाबरणाऱ्या बाईचं आहे असं समजू नका. तुमची पद्धत मला चांगली येते, आणि म्हणूनच ती कुठे माणसाला पाडते तेही ठाऊक आहे.

गेल्या वर्षी माझे मामा परदेशात आजारी पडले, हॉस्पिटलात भरती झाले. मावशीला, म्हणजे त्यांच्या धाकट्या बहिणीला, दुसऱ्याच दिवशी निघायचं होतं. त्या देशाची परवानगी तिच्याकडे होती. आधीच्या वर्षी मीच काढून दिली होती, दोन वर्षांची. मंजुरीची मेल तिने छापून घेतली होती आणि पासपोर्टसोबत रबरबँड लावून प्लास्टिकच्या पिशवीत ठेवली होती. चेक-इन काउंटरवरच्या मुलीने पासपोर्ट मशीनवर ठेवला, पडद्याकडे पाहिलं, परत ठेवला, परत पाहिलं. म्हणाली, "मॅडम, सिस्टीम बसू द्यायला नाही म्हणतेय."

का?

"कारण आम्हाला दिसत नाही. नुसतं नाही एवढंच येतं."

मावशीने छापील मेल पुढे केली. मुलीने ती वाचली, त्यावरची तारीख बोटाने दाखवली आणि खांदे उडवले. तिच्या हातात काही नव्हतंच.

उलगडा व्हायला अर्धा तास गेला. मधल्या काळात मावशीचा पासपोर्ट नवा झाला होता. परवानगी माणसाला नसते, पासपोर्टच्या नंबराला असते. नंबर बदलला की ती तिथेच मेली. मेलवर मात्र नऊ महिने शिल्लक दिसत होते. चूक माझी. हे मला माहीत होतं आणि ऐन वेळी सुचलं नाही. मी फोनवरून दुसऱ्या शहरातून सांगत होते आणि मावशी काउंटरच्या बाजूला उभी राहून तुमचं अॅप उघडत होती. पासपोर्टचा फोटो, मग चिप वाचण्यासाठी फोन पासपोर्टवर टेकवणं, मग चेहऱ्याचं स्कॅन. वरचे दिवे भगभगीत, तिचे डोळे रडून सुजलेले. 'चेहरा चौकटीत आणा.' 'पुन्हा प्रयत्न करा.' सहाव्या वेळी जमलं. मग आलं: 'अर्ज विचाराधीन आहे.' काउंटर बंद झालं, विमान गेलं. मंजुरी आली तीन तासांनी, एकही प्रश्न न विचारता.

मावशी दोन दिवसांनी पोचली. मामा तोवर बोलायचे थांबले होते.

त्या दोन दिवसांचा हिशेब मी तुमच्याकडे मागत नाही. सलतंय ते वेगळंच. त्या अख्ख्या विमानतळावर तुमच्या बाजूने उत्तर द्यायला एकही माणूस नव्हतं. नाही म्हणणारे तुम्ही होता, पण ते तोंडाने म्हणावं लागलं विमान कंपनीच्या त्या बिचाऱ्या मुलीला, आणि तिलाही तुम्ही कारण सांगितलेलं नव्हतं.

तुमच्या वेबसाइटवर एक वाक्य ठळक अक्षरांत असतं: 'हा व्हिसा नाही.' मान्य, कायद्याच्या भाषेत नसेल. पण ही परवानगी नसली तर विमानात बसता येत नाही, ती असली तरी देशात प्रवेशाची हमी नाही, तिला फी आहे, मुदत आहे, ती नाकारली जाते आणि रद्दही होते. मग व्हिसात आणि यात फरक उरला कुठला? एकच. व्हिसाला खिडकी होती. तिच्यासमोर रांग होती, पलीकडे वैतागलेला कारकून होता, पण होता. 'साहेब, एवढं बघा ना' म्हणायला कुणीतरी होतं. तुम्ही रांग मोडलीत, त्याबद्दल खरोखर आभार. पण रांगेबरोबर खिडकीही भिंतीत चिणून टाकलीत.

मला तुमची गरज कळत नाही असं नाही. ऑस्ट्रेलियाने 1996 मध्ये ईटीए आणलं तेव्हा ते पाहुण्यांची सोय म्हणूनच आलं होतं, आणि सोय झालीही. पुढे 2001 साल आलं. त्या डिसेंबरात बुटात स्फोटकं लपवून पॅरिसहून मायामीच्या विमानात चढलेला माणूस ब्रिटिश पासपोर्टवर होता. त्या पासपोर्टला अमेरिकेचा व्हिसा लागत नव्हता. कुठलाही देश त्यानंतर हातावर हात ठेवून बसला नसता. अमेरिकेने 2007 मध्ये कायदा केला, 12 जानेवारी 2009 पासून एस्टा सक्तीचा झाला. कॅनडाने 2016 मध्ये तेच केलं, न्यूझीलंडने 2019 मध्ये, कोरियाने 2021 मध्ये. ब्रिटनने 2023 च्या नोव्हेंबरात कतारपासून सुरुवात केली आणि एप्रिल 2025 पर्यंत युरोपीय लोकांनाही कक्षेत घेतलं. युरोपची एटियास 2018 मध्ये कायद्यात आली, ती सतत पुढे ढकलली जात आता 2026 च्या शेवटच्या तिमाहीवर येऊन थांबली आहे. जपानचीही येऊ घातली आहे. विमान सुटण्याआधी प्रवासी कोण हे पाहून घ्यायचं, याला माझी हरकत नाही. हरकत आहे ती पाहून झाल्यावर तुम्ही जसे वागता त्याला.

पहिली तक्रार त्या काउंटरचीच. विनापरवाना प्रवासी आणला तर दंड विमान कंपनीला, त्याला परत नेण्याचा खर्चही तिच्याच माथी. साहजिकच कंपनी धोका पत्करत नाही. ब्रिटनने तर 25 फेब्रुवारी 2026 पासून 'परवानगी नाही तर प्रवास नाही' असं स्पष्ट करून टाकलं. म्हणजे तुमची सीमा आता तुमच्या देशात राहिलेली नाही. ती जगातल्या प्रत्येक विमानतळावरच्या चेक-इनच्या पट्ट्यापर्यंत आली आहे. सीमा हलवलीत तशी माणसंही हलवायला हवी होती. इमिग्रेशनच्या ठाण्यावर अधिकारी शिक्का मारायच्या आधी दोन प्रश्न विचारतो, कागद बघतो, वरिष्ठाला बोलावतो. इथे सामान वजन करणाऱ्या मुलीच्या पडद्यावर हो किंवा नाही. नंबराचा एक अंक चुकला, पासपोर्ट बदलला, खरोखर काही गुन्हा आहे किंवा तुमचंच सर्व्हर झोपलंय, चारही वेळा तिला दिसतं ते तेच एक 'नाही'. पहिल्या दोन गोष्टी पाच मिनिटांत सुटण्यासारख्या आहेत. पण कुठली गोष्ट आहे हे कळलं तर ना!

त्यात वेळेचा हिशेब. अमेरिका आणि न्यूझीलंड 72 तास हाताशी ठेवा म्हणतात, ब्रिटन तीन कामाचे दिवस. एटियासच्या नियमांत चार दिवस आहेत, आणि जास्त कागद किंवा मुलाखत मागितली तर ते महिन्यापर्यंत ताणता येतात. सहलीला जाणाऱ्याला हे चालतं. पण मामा आजारी पडताना 72 तास आधी कळवून पडले नाहीत. सगळेच अर्ज अडकतात असं नाही; बहुतेक मिनिटांत मंजूर होतात, हे मी स्वतः पाहिलंय. पण जो अडकतो तो का अडकला, किती वेळ अडकणार, आणि त्याची अडचण कुणाला सांगायची, याचं उत्तर कुठेच नाही. एका गोष्टीसाठी कॅनडाला शाबासकी: आपल्याच दुहेरी नागरिकांवर कॅनेडियन पासपोर्टची सक्ती केल्यावर, विमान 10 दिवसांच्या आत असेल तर विशेष परवानगी देण्याची एक फट त्यांनी ठेवली. ब्रिटनने तशाच नागरिकांना सांगितलं की तुम्हाला ईटीए मिळणार नाही, ब्रिटिश पासपोर्ट आणा किंवा ब्रिटनमध्ये राहण्याच्या हक्काचं प्रमाणपत्र काढा. 2026 च्या फेब्रुवारीत त्या प्रमाणपत्राची फी 589 पौंड होती. स्वतःच्या घरी यायला एवढे? पाहुण्याला तेव्हा 16 पौंडांत दार उघडत होतं आणि घरचा माणूस उंबऱ्याबाहेर!

आता नकाराबद्दल. एस्टा नाकारला की पडद्यावर 'प्रवासास परवानगी नाही' एवढंच येतं. अपील नाही, व्हिसासाठी अर्ज करा, असा सल्ला तेवढा मिळतो. त्या व्हिसाची फी 185 डॉलर आणि मुलाखतीची तारीख मिळेल तेव्हा मिळेल. ब्रिटनमध्येही ईटीए नाकारल्यावर अपिलाची सोय नाही. पुन्हा अर्ज करा किंवा व्हिसा काढा. आपल्याकडे याला तोंड दाबून बुक्क्यांचा मार म्हणतात. काही नकारांचं कारण तरी उघड असतं. 1 मार्च 2011 नंतर इराण, इराक, सीरिया, सुदान अशा देशांत पाऊल ठेवलेल्याला अमेरिकेची व्हिसामाफी मिळत नाही. पुढे ही यादी वाढत गेली आणि 2021 च्या जानेवारीत क्यूबाही तिच्यात आला. आठवडाभर हवानात फिरून आलेल्या माणसाला आपण यादीत गेलो हे अर्ज भरेपर्यंत माहीतही नसतं. पण नियम लिहिलेला आहे, वाचता येतो, त्याच्याशी भांडता तरी येतं. ज्याला कारणच दिलेलं नाही त्याने कशाशी भांडायचं? नाव दुसऱ्या कुणाच्या नावाशी जुळलं असेल, एखादी नोंद चुकीची असेल. ती दुरुस्त व्हावी तरी कशी? एटियासच्या कायद्यात नकाराचं कारण देणं आणि अपिलाचा हक्क, दोन्ही आहेत. कागदावर तरी आहेत. म्हणजे हे अशक्य नाही, एवढं नक्की.

अर्जाविषयी एक बारीकशी तक्रार, पण ती माझ्या खात्यातली आहे, म्हणून जरा लांबण लावते. पासपोर्टच्या फोटोच्या पानावर तळाशी 44-44 अक्षरांच्या दोन ओळी असतात. मशीन वाचतं त्या. दुसऱ्या ओळीत पासपोर्ट नंबराच्या लगेच पुढे एक अंक असतो, तो तपासणीचा. नंबरातल्या प्रत्येक अक्षराला (अक्षरांनाही ठरावीक किंमत असते) आणि अंकाला आळीपाळीने 7, 3, 1 ने गुणायचं, बेरीज करायची, 10 ने भागून बाकी राहील तो हा अंक. इंग्रजी 'ओ' च्या जागी शून्य टाकलं किंवा 'आय' च्या जागी एक, तर हा अंक जुळतच नाही. मी वहीवर करून पाहिलंय, चूक हमखास सापडते. विमानतळावर रडकुंडीला आणणाऱ्या चुकांत ही 'ओ' आणि शून्याची जोडगोळी माझ्या अनुभवात सगळ्यात वर आहे. हाताने भरायच्या अर्जात नंबराबरोबर तो एक जादा अंक विचारलात तर चूक अर्ज पाठवायच्या आधीच पकडली जाईल. ही युक्ती तुमचीच आहे, जगभरच्या पासपोर्टांवर छापलेली आहे. मग अर्जात ती वापरायला अडतं कुठे? तीच गत नावांची. ज्यांच्या पासपोर्टावर एकच नाव आहे, आडनाव नाही, अशी माणसं जगात भरपूर आहेत. तुमच्या दोन चौकटींतली एक त्यांच्यापुढे लाल होऊन उभी राहते. काय भरायचं ते प्रत्येक देश वेगळं सांगतो, काही सांगतही नाहीत.

पैशांकडे येते. 'अर्ज तपासण्याचा खर्च' असं तुम्ही म्हणता. एस्टा सुरू झाला तेव्हा फुकट होता. 2010 च्या सप्टेंबरात 14 डॉलर, 2022 मध्ये 21, आणि 30 सप्टेंबर 2025 ला 40. या चाळिसाची फोड पाहा: अर्जाच्या कामाला 10, सरकारी तिजोरीला 13, आणि उरलेले 17 अमेरिकेत पर्यटक यावेत म्हणून होणाऱ्या जाहिरातीला. यायला निघालेल्या पाहुण्याकडूनच पाहुणे बोलावण्याचा खर्च वसूल! ब्रिटन दीड वर्षात 10 पौंडांवरून 16 वर गेलं. एटियासची फी कायद्यात 7 युरो होती, ती सुरू व्हायच्या आधीच 20 झाली. न्यूझीलंडची परवानगी अॅपवरून 17 न्यूझीलंड डॉलर, वेबसाइटवरून 23. पण तिच्यासोबत येणारा पाहुण्यांचा कर ऑक्टोबर 2024 पासून 35 वरून 100 डॉलर. आणि केनियाचं तर नाव सोनूबाई. 2024 च्या जानेवारीपासून सगळ्या जगाला व्हिसामुक्त प्रवेश जाहीर केला आणि जवळजवळ प्रत्येकाकडून 30 डॉलरचं ईटीए मागितलं. आधी ज्यांना एक पैसाही लागत नव्हता तेही त्यात आले. वर्षभराने बहुतेक आफ्रिकी देशांना त्यातून वगळावं लागलं. या सगळ्यात कॅनडा 2015 पासून 7 कॅनेडियन डॉलरवर बसून आहे, तेही पाच वर्षांसाठी. त्यांचे अधिकारी उपाशी मरत असल्याचं ऐकिवात नाही. कोरिया 17 पर्यंतच्या मुलांना आणि 65 च्या पुढच्यांना के-ईटीए मागतच नाही. एटियासमध्ये 18 च्या आतल्यांना आणि 70 च्या वरच्यांना फी नसेल. मग बाकीचे तुम्ही दुपट्यातल्या बाळाकडून पूर्ण फी कशाला घेता?

पाहुण्याने कर देऊ नये असं मी म्हणत नाही. देशातल्या वाटा, समुद्रकिनारे आम्ही वापरतो, त्याचे पैसे घ्या. पण कर असेल तर कर म्हणा. सुरक्षेच्या फाइलला जाहिरातीचं बिल जोडू नका.

अधिकृत फीच्या कित्येक पट रक्कम मात्र भलतेच घेऊन जातात. माझे मेहुणे, माणूस व्यवहारात पक्का, पण मला विचारायचा त्यांना कमीपणा वाटला. त्यांनी फोनवर देशाचं नाव आणि 'प्रवास परवानगी' एवढं टाकलं, पहिली आली ती लिंक उघडली. झेंडा होता, गरुडासारखं काहीतरी होतं, निळी पट्टी होती. पाचपट पैसे गेले. गंमत म्हणजे फसवणूक म्हणता येत नाही, कारण त्या लोकांनी तोच अर्ज तुमच्या खऱ्या वेबसाइटवर भरला आणि परवानगी आणूनही दिली. तळाशी बारीक अक्षरांत 'आम्ही सरकारी नाही' असं लिहिलं होतं म्हणे. वाईट एवढंच, की मेहुण्यांचा पासपोर्ट, जन्मतारीख, आई-वडिलांची नावं आता अशा दुकानात पडून आहेत ज्याचा पत्ताही कुणाला ठाऊक नाही. एटियास अजून सुरूही झालेली नाही, तरी तिच्या नावाने अर्ज आणि पैसे घेणारी दुकानं थाटली गेली. आम्ही अजून अर्ज घेत नाही, अशी सूचना युरोपीय संघालाच लावावी लागली. सिंगापूर, मलेशिया, थायलंड यांची पोचण्याआधी भरायची आगमन कार्डं फुकट असतात, त्यांच्याही नावाने पैसे घेतले जातात. आंधळं दळतं, कुत्रं पीठ खातं. तुम्ही तुमच्या पानावर 'बनावट वेबसाइटपासून सावध राहा' लिहिता. पण ते वाचतो कोण? जो आधीच खऱ्या पानावर पोचलाय तो.

माहितीबद्दल फार बोलत नाही, कारण त्यावर माझ्यापेक्षा जाणकार लिहितील. एवढंच विचारते की एका आठवड्याच्या सहलीसाठी दिलेली माहिती एस्टाच्या दप्तरात एकूण 15 वर्षं कशासाठी ठेवायची? 2016 च्या डिसेंबरात सोशल मीडियाचा प्रश्न अर्जात आला तेव्हा तो ऐच्छिक होता. डिसेंबर 2025 मध्ये तो सक्तीचा करावा, पाच वर्षांचा तपशील मागावा, असा प्रस्ताव आला. ऐच्छिक प्रश्न सक्तीचा करण्याचा प्रस्ताव यायला लागणारा काळ नऊ वर्षं, एवढी नोंद मी माझ्यापुरती करून ठेवली आहे.

मागणं फार मोठं नाही. परवानगी बंद करा, सगळ्यांना फुकट द्या, असं काही म्हणत नाही.

काउंटरवर अडकलेल्या प्रवाशासाठी चोवीस तास माणूस उचलेल असा फोन ठेवा. प्रवासी आणि कंपनीचा कर्मचारी दोघांनाही त्यावर बोलता यावं. पलीकडच्याला अर्ज दिसला पाहिजे आणि निर्णय घ्यायचा अधिकार असला पाहिजे. 'वेबसाइट पाहा' सांगण्यासाठी माणूस नको, ते काम वेबसाइट करतेच.

'नाही' च्या जागी कारण दाखवा. परवानगीच नाही, नंबर जुळत नाही, अर्ज विचाराधीन आहे, नाकारला आहे: चार शब्दप्रयोग पुरे. सुरक्षेचं गुपित सांगायची गरज नाही.

पासपोर्ट नवा झाला तर उरलेली मुदत नव्या नंबरावर फी न घेता जोडून द्या. ते जमेपर्यंत मंजुरीच्या मेलमध्ये मुदतीच्या तारखेशेजारीच, त्याच आकाराच्या अक्षरांत लिहा की पासपोर्ट बदलल्यास ही परवानगी रद्द होते. विमान सुटायच्या आत निर्णय हवा अशा आजारपणाच्या आणि मयतीच्या अर्जांना वेगळी वाट द्या. हॉस्पिटलचा कागद मागा, आम्ही देऊ.

नाकारलंत तर लेखी कारण द्या आणि एकदा फेरविचार मागायचा हक्क द्या. त्यासाठी माणसाला पूर्ण व्हिसाच्या रांगेत लोटू नका.

फीची फोड पावतीवर छापा. मुलांना आणि म्हाताऱ्यांना फी माफ करा. ज्यांना स्मार्टफोन जमत नाही त्यांच्यासाठी अॅपशिवायचा एक मार्ग उघडा ठेवा, मग तो वकिलातीत असो की विमानतळावर. अर्जात तो तपासणीचा अंक घ्या. आणि बनावट दुकानांबद्दल नुसती सूचना नको: विमान कंपन्यांना तिकिटाच्या मेलमध्येच तुमची खरी लिंक घालायला लावा. तिकीट काढणारा कुठे चाललाय हे त्यांना माहीत असतं. दंडाचे नियम तुम्ही त्यांच्यावर लादू शकता, तर एक ओळ लिहायला लावणं जड जाऊ नये.

मावशी पुढच्या महिन्यात पुन्हा जाते आहे, मामींना भेटायला. परवानगी नव्या पासपोर्टवर आहे, मी दोनदा तपासली. तरी तिने मेल छापून घेतलीच आहे, यावेळी तीन प्रती.

तुमच्याकडून येणाऱ्या प्रत्येक मेलच्या तळाशी 'कृपया या मेलला उत्तर देऊ नका' असं असतं. या पत्राच्या तळाशी तसं काही नाही.

कळावे,
आपली,
घरातली फॉर्म भरणारी